बाई, वाडी वाचा

१४ जानेवारी, मंगळवार

आज माळा उपसला. आमची इमारत पाडून नवी बांधणार आणि मेअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची, हे आता नक्की झालं. हेमांगीचा पुण्याहून पुन्हा फोन. "ताई, भाड्याचं घर कशाला शोधतेस? इथे एक खोली नुसती पडून आहे. कायमचीच ये." धाकटी बहीण इतक्या प्रेमाने बोलावते, तर नाही म्हणायला कारण हवं. माझ्याकडे ते नाही. हो म्हणाले.

माळ्यावर सीडी राइट करायचं यंत्र सापडलं, सोबत कोऱ्या सीड्यांची चळतच्या चळत. शाळेत असताना कवितांच्या चाली मुलांना घरी ऐकता याव्यात म्हणून मी स्वतःच्या आवाजात सीड्या करून वाटायचे. आता त्या वाजवायला कोणाच्या घरी काही उरलेलं नाही. भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवलं.

शेजाऱ्यांनी तिळगूळ पाठवला. फोनवर, चित्रातला.

१९ जानेवारी, रविवार

वसईहून जवळच गिरीजला गेले होते, नेहमीच्या वाडीवर तोंडली आणि राजेळी केळी आणायला. पूर्वी तिथे क्लेमेंट स्वतः फाटकाशी भाजी विकायला बसायचे. वर्षभरात दिसले नव्हते. आज त्यांची सून डायना तोंडली तोलत होती, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "पाव किलोच, बाई? आज एकट्याच जेवणार वाटतं."

मी म्हटलं, "रोजच एकटी जेवते."

ओट्यावर क्लेमेंट बसले होते. मी वर पाहिलं तर त्यांची नजर माझ्या बाजूला नव्हतीच, फाटकाच्या खांबाकडे होती.

डायनाने हळूच सांगितलं. काचबिंदू. बायको एलिसा गेल्यापासून त्यांनी डोळ्यांकडे लक्षच दिलं नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. वर्ष झालं, ओट्यावरून खाली उतरलेले नाहीत. मिस्सालासुद्धा जात नाहीत, फादरच घरी येऊन जातात. मुलगी विनी कॅनडाहून आली तेव्हा एक बोलणारा स्पीकर देऊन गेली. "पण पप्पा आमच्या घरच्या बोलीत बोलतात, त्याला काही कळत नाही. सारखा सॉरी म्हणतो."

"तो डबा नुसता माफी मागतो," ओट्यावरून क्लेमेंट म्हणाले. "त्याला मी माफ करून बंद केलाय."

फोनच्या काचेवर बोट कुठे पडलं ते त्यांना कळत नाही. भावाने बहारिनहून आणलेला जुना सीडी प्लेअर मात्र बोटांच्या ओळखीचा आहे. सीड्या मोजक्याच, त्याच त्या भक्तिगीतांच्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी एखादं पुस्तक वाचून सीडी करून देऊ का?"

घरी येऊन आधी दारातलं यंत्र आत घेतलं.

२३ जानेवारी, गुरुवार

फजिती. फोनवर कादंबरीची तीन प्रकरणं रेकॉर्ड केली, लॅपटॉपवर घेतली, सीडी केली, रिक्षा करून गिरीजला गेले. प्लेअरने ती गरगर फिरवली आणि थांबला. माझ्या लक्षात यायला हवं होतं. नुसत्या फाइली चढवल्या तर जुन्या प्लेअरला त्या वाचता येत नाहीत, गाण्याच्या सीडीसारखी करावी लागते.

क्लेमेंट म्हणाले, "रिक्षाचा खर्च वाया गेला तुमचा."

मी म्हटलं, "केळी न्यायला आलेच होते." केळी न घेताच परतले. डायना फाटकातून बघत होती.

२७ जानेवारी, सोमवार

या वेळी गाण्याच्या सीडीसारखी, सावकाश वेगावर केली. वाजली. ओट्यावर बसून माझाच आवाज ऐकताना फार अवघडले. पहिलं प्रकरण संपल्यावर त्यांनी बटण दाबलं.

"बाई, राग मानू नका. तुम्ही शाळेत वाचता तसं वाचता. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं. मी तर इथे जवळ बसलोय."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, चांगलंच वाईट वाटलं. मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा.

"मग कसं वाचू?"

त्यांनी सीडी काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "पुस्तक नको. वाडी वाचा."

"म्हणजे?"

"घरातल्यांना विचारलं तर म्हणतात, ठीक आहे पप्पा, सगळं चांगलं आहे. मला चांगलं-वाईट नकोय. तुम्ही आत जा आणि काय दिसतं ते सांगत चाला. मी इथे ऐकेन."

"मग माझ्याबरोबरच चला की."

"नको," ते म्हणाले, आणि आवाज इतका घट्ट होता की मी पुन्हा विचारलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिलं वाडीवाचन. फोन हातात धरून विहिरीपासून सुरुवात केली. "विहिरीभोवती रम्य परिसर असून हिरवीगार केळीची बाग सुंदर दिसते आहे." घरी ऐकताना मलाच लाज वाटली. निबंध तपासताना मीच याच्याखाली लाल रेघ मारली असती. तरी सीडी दिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

क्लेमेंट कडक मास्तर आहेत. "सुंदर म्हणजे किती उंच?" म्हणून विचारलं. "हिरवंगार" या शब्दावर बंदी आली आहे. पान पोपटी आहे, काळपट आहे, कडेने करपलंय, काय ते सांगा. कुठल्या केळीला कोका, म्हणजे केळफूल, आलाय. पाटातलं पाणी शेवटच्या अळूपर्यंत पोचतंय का. शेवग्याच्या शेंगा हाताला येतात की आकडी लागते.

माझं बालपण देवरुखचं. मला वाटायचं झाडं मला कळतात. मला झाडांची नावं येत होती, एवढंच.

आज पानवेलीखाली इतका वेळ उभी राहिले की डायनाने येऊन विचारलं, "बाई, बरं वाटत नाहीये का?" मी वेलीवरचं एक पान उन्हात कसं दिसतं ते शोधत होते. त्याच्या शिरा मोजून सांगाव्यात की नको, असा प्रश्न होता.

सीड्या ओळखता याव्यात म्हणून कव्हरवर टिकल्या चिकटवल्या. पानवेलीच्या सीडीला एक, विहिरीच्या सीडीला दोन, केळींना तीन. मखमलीच्या, बोटाला नीट लागतात. त्यांनी कव्हरवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे काय?"

"टिकली."

"तुमची?"

"पाकिटातली, नवी."

"असं होय," म्हणाले. हे का विचारलं असेल?

१ मार्च, शनिवार

कोऱ्या सीड्या संपत आल्या. वसई स्टेशनजवळच्या चार दुकानांत विचारलं. एकाने "आजी, पेनड्राइव्ह घ्या" म्हणून प्रेमाने समजावलं. शेवटी एका फोटो स्टुडिओत मिळाल्या. पूर्वी लग्नाच्या सीड्या करून द्यायचे, त्यातल्या उरलेल्या. कव्हरांवर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' छापलेलं आहे. क्लेमेंटना ते दिसणार नाही, म्हणून तशाच घेतल्या. डायनाला दिसलं. ती पदरात तोंड लपवून खोकत होती. म्हणजे ओढणीत.

पुण्याला जाण्याआधी अख्खी वाडी वाचून व्हायला हवी. मी गेल्यावर त्यांच्याकडे ऐकायला काही तरी राहील.

१२ मार्च, बुधवार

आज वाडीची पश्चिमेची बाजू घ्यायची होती. तिथे चिंच, आणि चिंचेपलीकडे बावखल. वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला इथे बावखल म्हणतात. क्लेमेंट त्याचीच वाट पाहत होते. लहानपणी ते त्यातच पोहायला शिकले. म्हणाले, "बावखलासाठी एक वेगळी सीडी ठेवा."

चिंचेजवळ स्टीवन, त्यांचा मुलगा, दोन खोल्या बांधतोय. समुद्रकाठच्या राजोडीला, कळंबला पाहुणे येतात, तसे इथेही शनिवार-रविवार येतील. हे क्लेमेंटना माहीत आहे, त्यांना चालतं. पण पुढे गेले आणि थबकले. बावखलाच्या अर्ध्या भागात डेब्रिजची भर टाकलेली. विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या. पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा करायची आहे.

डायना मागून धावत आली. "बाई, प्लीज. एवढं नका वाचू. पप्पांना सांगायला स्टीवनचं धाडसच होत नाहीये. आत्ता कुठे ते हसायला लागलेत."

डोळे भरले होते तिचे. मी फोन पर्समध्ये ठेवला.

१३ मार्च, गुरुवार

चिंचेपर्यंतच वाचलं आणि वळले. सीडी पूर्ण भरली नाही. मी खोटं काही बोलले नाही, असं स्वतःला दिवसभर सांगते आहे. मुलं गृहपाठाची वही घरी राहिली म्हणायची तेव्हा ती खोटं बोलत नसत. वही खरोखरच घरी असे, फक्त कोरी.

१८ मार्च, मंगळवार

नीट लिहिते, घाई न करता.

दुपारी गेले. क्लेमेंटनी बसायला सांगितलं आणि लगेच विचारलं, "बाई, तुम्ही चिंचेपाशी वळलात. पायाखाली चिंचेचा पाला वाजत होता, मग पुन्हा केळीची वाळकी पानं वाजायला लागली. पुढे बावखल आहे. तिकडे का गेला नाहीत?"

स्वयंपाकघरात डायनाचं भांडं घासणं थांबलं.

मी म्हटलं, "भरताहेत ते."

"किती भरलं?"

"मी नीट पाहिलं नाही. पाहवलं नाही."

ते खांबाला धरून उठले. ओट्याच्या पायऱ्या उतरायला लागले तसं डायना ओल्या हातांनी बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा खाली उतरत होते. मी हात पुढे केला. त्यांना तो दिसणार नाही हे लक्षात येऊन मी त्यांचा हात धरून माझ्या कोपरावर ठेवला. चालताना मला काही सांगावं लागलं नाही. पाट आला की तेच पाय उंच टाकत होते.

काठावर पोचल्यावर खाली वाकून त्यांनी एक दगड उचलला आणि टाकला. टप् असा कोरडा आवाज आला. त्यांचा चेहरा मला बघवेना. मग त्यांनी दुसरा दगड घेतला, जरा जोर लावून लांब फेकला.

डुबुक.

"अर्धं आहे अजून," ते म्हणाले.

स्टीवन तोवर खोल्यांच्या कामावरून पळत आला होता. अंगावर सिमेंट, चेहरा उतरलेला. चांगला मुलगा आहे. नोकरी करून वाडी बघतो. म्हणाला, "पप्पा, वर्षभर तुम्ही ओट्यावरून उतरला नाहीत. मला वाटलं, वाडी तुमच्यासाठी संपली."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"मग आज?"

"मग बाई वाचायला लागल्या."

पलीकडच्या पाण्यावरून एक खंड्या निळा चमकून गेला. मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवटी क्लेमेंट म्हणाले, "भरलंय तिथे गाड्या लाव. उरलेल्याला हात लावू नको. आणि काही करायचं असेल तर आधी मला सांग. मला दिसत नाही, ऐकू येतं."

स्टीवनने मान हलवली. मग लक्षात येऊन मोठ्याने म्हणाला, "हो, पप्पा."

परत येताना मी माफी मागितली. म्हणाले, "त्या डब्यासारखं करू नका, बाई."

२ एप्रिल, बुधवार, पुणे

चार दिवसांसाठी हेमांगीकडे आले आहे, खोली बघायला. खोली छान आहे. कपाट आहे, खिडकी आहे, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. लॅपटॉप आणि सीडीचं यंत्र डायनाकडे ठेवून आले. मी पुण्याला गेल्यावर सीड्यांना ओरखडे पडले तर तिला दुसऱ्या करता यायला हव्यात. चटकन शिकली.

सकाळी खालच्या बागेत फिरताना फोन काढून बोलत होते. "इथे गवत इतकं सारखं कापलेलं आहे की सांगण्यासारखं काही नाही. बाकावर कोणीतरी मोज्यांची एक जोडी विसरून गेलंय, एक मोजा उलटा आहे." हेमांगी मागेच होती.

"कोणाशी बोलतेस?"

"रेकॉर्ड करतेय. गिरीजचे एक गृहस्थ आहेत, त्यांना दिसत नाही."

"पुण्याची बाग त्यांना कशाला?"

मी तो उलटा मोजा सुलटा करून ठेवला. हेमांगी माझ्याकडे बघत राहिली, मग "बरं" म्हणाली आणि दिवसभर उगाचच गुणगुणत होती. तिची तब्येत बरी दिसते.

१६ एप्रिल, बुधवार

वसईला आल्यापासून पॅकिंग. पुस्तकांनीच खोकी भरली. आज डायना स्वतः आली. उपवासकाळ संपत आलाय, घरी ईस्टरची गडबड, तरी आली. हातात सीडी, 'शुभविवाह'च्या कव्हरात.

"पप्पांनी केलीये. म्हणजे बोलले ते, राइट मी केली. मी ऐकली नाही." थांबून म्हणाली, "थोडी ऐकली."

लॅपटॉप आणि यंत्र तिने सोबत आणलं होतं, म्हणून लगेच ऐकता आली. ती गेल्यावर लावली.

सुरुवातीला बराच वेळ काहीच नाही. कुकरची शिट्टी. खाकरणं. मग त्यांचा आवाज. "बाई, समोर कोणी नसताना बोलायचं कसं? तुम्ही कसं करता?" पुन्हा खाकरणं. "तुम्ही वाडी वाचलीत. मी काय वाचू? मला दिसतं ते सांगतो. तुमची रिक्षा वळणावर थांबते. फाटकापर्यंत आणू देत नाही तुम्ही, धूळ उडते म्हणून. डाव्या चपलेचा आवाज जास्त आहे. फाटकाची कडी तुम्ही सावकाश लावता, बाकी सगळे आपटतात. बोलायच्या आधी घसा साफ करता. खोटं बोलायची वेळ आली की गप्प होता. केळी घ्यायची विसरता." इथे ते हसले. मग बराच वेळ त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. ती मला अर्धीच कळते. तो भाग तीनदा ऐकला, तरी अर्धाच कळला. एलिसाचं नाव आलं, आणि पुढे 'आवाज' असा शब्द.

शेवट पुन्हा माझ्या मराठीत. "पुण्याला जायच्या आधी एकदा या. मशीन घरी ठेवून या."

मशीन घरी ठेवून तिथे करायचं काय, हेच मला समजेना. डाव्या चपलेचा तळ पाहिला. खरंच झिजलाय.

२१ एप्रिल, सोमवार

गेले. फोनसुद्धा नेला नाही. ईस्टरचा केक खाल्ला. क्लेमेंट काल चर्चला जाऊन आले. स्टीवनचा हात धरून, पुढच्या बाकावर बसले म्हणे.

आम्ही दोघं बावखलापर्यंत गेलो. मी विचारलं, "काय दिसतं ते सांगू?"

"नको."

मग काठावरच्या दगडावर बसून राहिलो. बेडकं होती, वारा होता. कितीतरी वेळ मी एक शब्द बोलले नाही. उठताना त्यांनी मला "थँक यू, जयवंती" म्हटलं. काहीच न केल्याबद्दल कोणी माझे आभार मानायची ही पहिलीच वेळ. माझं नाव त्यांना माहीत आहे, हेही मला माहीत नव्हतं. सेवानिवृत्तीनंतर मला नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही, हेमांगीसुद्धा ताईच म्हणते.

रिक्षात काही तरी डोळ्यात गेलं.

४ मे, रविवार

डायनाने फोन करून बोलावून घेतलं. चिंचेजवळच्या खोल्यांना रंग देऊन झालाय. मला एक खोली उघडून दाखवली. पूर्वेला खिडकी, पश्चिमेला दार, दारातून बावखल.

"बाई, तुमची बिल्डिंग होईपर्यंत इथे राहाल का? दोन्ही खोल्या पाहुण्यांना दिल्या तर रात्रंदिवस गाणी लावतील."

"क्लेमेंटनी विचारायला सांगितलं?"

"नाही. पप्पा म्हणतात, बाईंना पुण्याला जायचंय, त्यांना अडवायचं नाही. म्हणून तर मी विचारतेय."

"लोक काय म्हणतील?"

"गिरीजचे लोक? ते म्हणून झालंय," डायना म्हणाली. "तुमचं वाडीवाचन सुरू झालं तेव्हाच."

मी म्हटलं, विचार करून सांगते. फाटकापाशी पोचेपर्यंत विचार झाला. परत जाऊन सांगून आले.

घरी येऊन हेमांगीला फोन केला. कारणं तयार ठेवली होती: पुस्तकांना खोली कोरडी आहे, वाडीची उत्तर बाजू वाचायची राहिलीय, उन्हाळी आणि पावसाळी वाडी वेगळी असते. पहिल्याच कारणाला ती म्हणाली, "ताई, पुरे. मला एप्रिलमध्येच कळलं होतं." एप्रिलमध्ये तर डायनाने खोलीचं विचारलंसुद्धा नव्हतं. हिला काय कळलं होतं कोण जाणे.

१ जून, रविवार

काल सामान आलं. आज इथली पहिली सकाळ. लवकर जाग आली. दार उघडलं तर क्लेमेंट काठी टेकत, एकटेच, पाटाच्या कडेने बावखलाकडे निघाले होते. माझ्याकडे आधण ठेवलेलं, दोन कप काढलेले.

मी दारातून हाक मारली, "अहो, थांबा जरा! चहा घेऊन जा."

ते जागच्या जागी थांबले. वळले नाहीत, नुसते उभे राहिले, आणि त्यांचे कान लाल झालेले मला इथून दिसले. विहिरीपाशी डायना कपडे वाळत घालत होती. ती हातातला टॉवेल तसाच धरून इतकी हसली की चिमटे पाण्यात पडले.

चहाला बोलावलं, त्यात हसण्यासारखं काय होतं? मी कपात साखर घालत होते, एकाच कपात दोनदा घातली.